डोळ्यांखालच्या पिशव्या आणि मेहुण्याचं रक्त

२ जानेवारी
संकल्प: डोळ्यांखालच्या पिशव्या काढून टाकणे. चष्म्याच्या दुकानात काम म्हणजे चारी बाजूंनी आरसे, आणि प्रत्येक आरशात माझ्या पिशव्या. मालक नव्या बोर्डावर दुकानातल्याच कुणाचा तरी फोटो लावणार आहेत. उमेदवार दोन: मी आणि काउंटरवरची नवी मुलगी. तिचं हसणं बरं आहे. पण अनुभव?

५ जानेवारी
सर्जनकडे गेलो. ऑपरेशन किरकोळ, पण आधी रक्त तपासू म्हणाला. पिशव्या डोळ्यांखाली आणि हा चाचपतो गळा! कुठंतरी पाणी मुरतंय. थंडी फार वाजते का, सुस्ती येते का, असंही विचारलं. मी ठाम नाही म्हटलं. (दोन स्वेटर घातले होते, ते फॅशन म्हणून.)

८ जानेवारी
थायरॉइड मंद चालतंय म्हणे. भूलतज्ज्ञ बाईंनी ऑपरेशन पुढं ढकललं. अशात भूल दिली तर शुद्धीवर यायला जड जाईल, हृदयावर ताण येईल, म्हणून आधी काही महिने गोळ्या. सर्जननंही मान डोलावली. हातचं गिऱ्हाईक असं कोण सोडतं? गोळ्यांच्या कंपनीशी दोघांचं साटंलोटं असणार.

११ जानेवारी
बायको रोज सकाळी विचारते, उपाशीपोटी गोळी घेतली का? मी हो म्हणतो आणि गोळी खिडकीतल्या कुंडीत पुरतो. तिला ऑपरेशन नकोच आहे. नवरा देखणा होणार म्हटल्यावर धास्ती वाटणारच.

१९ जानेवारी
नामी युक्ती. दुसऱ्या लॅबमध्ये माझ्या नावानं मेहुण्याचं रक्त द्यायचं! बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच राहतो. तब्येत असावी तर अशी. दोघांचं जेवतो आणि तरी बारीक होत चाललाय. भर थंडीत पंखा लावून झोपतो. हात सारखे थरथरतात, अंगात ताकद मावत नाही. त्याला गॉगल कबूल केला. तो म्हणाला, दाजी, पकडलं तर? म्हटलं, रक्तावर काय नाव लिहिलेलं असतं?

२३ जानेवारी
पाकीट न फोडताच भूलतज्ज्ञ बाईंच्या टेबलावर ठेवलं. जिंकल्यासारखं वाटत होतं. बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. मंद थायरॉइड इतक्यात भरधाव कसं सुटलं, म्हणाल्या. माझी नाडी धरली. नाडीनं फितुरी केली, मंदच चालली होती. हे रक्त तुमचं नाही, म्हणाल्या. ज्याचं आहे त्याच्या हृदयाला धोका आहे, त्याला आजच आणा. मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो. तुम्ही गप्प बसलात तर त्याला कळणार तरी कसं, असं त्यांनी हळूच विचारलं.
घाम फुटला. कित्येक महिन्यांत फुटला नव्हता. सगळं सांगून टाकलं.

२४ जानेवारी
मेहुण्याला ॲडमिट केलंय. हृदय बसल्या जागी धावत होतं. वेळेत आणलंत म्हणाले. बायको रडली, माझे आभार मानले, आणि मग विचारलं, पण त्याचं रक्त तपासलं कशासाठी? पुन्हा सगळं सांगावं लागलं, कुंडीसकट.
घरी आल्यावर तिनं कुंडी उपसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
पोराला काही झालं असतं तर? हे लिहिताना हात गार पडलेत. थंडीनं असेल.

३ जून
रोज सकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघं ओळीनं उभे. त्याची गोळी वेगळी, माझी वेगळी. बायको दोघांना आ करायला लावते, जीभ उचलून बघते. माणसानं इतकं संशयी असू नये.
मेहुण्याच्या अंगावर मूठभर मांस चढलंय. बरं वाटतं बघून. गॉगल मात्र विसरलेला नाही.
आज सर्जनकडे गेलो. कापायचं काय, म्हणाला. सूज थायरॉइडची होती, ती गोळ्यांनी उतरली. पिशव्या गेल्या! फी पण घेतली नाही. इथंच शंका आली.
तसाच दुकानात धावलो. बोर्ड आजच लागला होता. त्यावर ना मी, ना ती मुलगी. शोकेसमधलं प्लॅस्टिकचं डोकं, चष्मा लावून.
शिडी लावून जवळून पाहिलं. डोळ्यांखाली एक सुरकुती नाही. याच्या ऑपरेशनला बरी कुणी हरकत घेतली नाही.