ठाम माणसाचं प्रशिक्षण

सोमवार, ५ मे. सकाळी
फोर्ट वर्थ. हायवेलगतचं हॉटेल. पहिली नोंद, त्यामुळे अक्षर चांगलं.

आजपासून पाच आठवड्यांत मी, हार्लन टिडवेल, सरकारमान्य विमान-डिस्पॅचर. लोक हेच शिकायला कॉलेजात दोन-दोन वर्षं घालवतात. कीव येते त्यांची.

पायलट विमान उडवतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कुठल्या वाटेनं जायचं, किती इंधन घ्यायचं आणि मुळात उडायचं की नाही, हे जमिनीवर खुर्चीत बसलेला डिस्पॅचर ठरवतो. कागदावर कॅप्टनची सही आणि डिस्पॅचरची सही. एक नसेल तर विमान जागचं हलत नाही. म्हणजे निम्मा कॅप्टन मीच.

लबकच्या विमानतळावर मी बावीस वर्षं तिकीट काउंटर सांभाळला. मग कंपनीनं माझ्या जागी एक मशीन आणून उभं केलं. आता अमरिलोला मालवाहू विमानांच्या एका कंपनीत डिस्पॅचरची खुर्ची रिकामी आहे. माझी लेक कॅली को-पायलट आहे दुसऱ्या एका कंपनीत, तिनं अमरिलोच्या साहेबांकडे शब्द टाकलाय. साहेब म्हणाले, ९ जूनला सर्टिफिकेट घेऊन या, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला. कॅली त्यांना म्हणाली, माझे डॅडी पक्के आहेत, मी हमी देते. खरंच आहे.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. गोड आइस-टी कायमचा बंद. रोज संध्याकाळी अभ्यास. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

संध्याकाळी
शेजारच्या खोलीत डेल्फीन आर्सेनो. आमच्याच वर्गात. लुइझियानाची, तिथे शाळेची बस चालवायची. इथे गाडी नाही तिच्याकडे. म्हणाली, हार्लन, दुकानापर्यंत सोडतोस का, पाच मिनिटांचं काम. नाही म्हणणारच होतो. पण पहिल्याच दिवशी बाईमाणसाला काय तोंड दाखवणार. दुकान, मग दुसरं दुकान, मग ब्रिस्केटचं भाजलेलं मांस खायला एक हॉटेल. आइस-टीचे दोन ग्लास झाले, कारण वेट्रेस आपणहून भरत होती. अभ्यास उद्यापासून.

बुधवार, ७ मे
मिसेस स्ट्रिकलंड शिकवतात. आयुष्य डिस्पॅचमध्ये गेलेली बाई. आवाज हळू, पण ऐकताना पाठ आपोआप ताठ होते. आज पुस्तक उघडलंच नाही. प्रत्येकाला विचारलं, कुणाला शेवटचं नाही कधी म्हणालात? डेल्फीन म्हणाली, आज सकाळी, नवऱ्याला, फोनवर. वर्ग हसला. माझी पाळी आली. म्हणालो, बघू, आठवावं लागेल.

मॅडम म्हणाल्या, मिस्टर टिडवेल, बघू हा शब्द ह्या धंद्यात नाही. कॅप्टन तासभर हुज्जत घालेल, गोड बोलेल, ओरडेल. तुम्ही हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. मी त्यांना समजावलं की आमच्या काउंटरवर नाही ह्या शब्दावरच बंदी होती. ट्रेनिंगच तसं. विमान सुटून गेलेलं असलं तरी म्हणायचं, थांबा हं सर, काय करता येतं ते बघतो. त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. अनुभवाचा आदर असावा.

पाचला उठणं आज जमलं नाही. पडदे जाड आहेत हॉटेलचे.

सोमवार, १२ मे
विमानाच्या जगात सगळं झुलू टाइमवर चालतं, म्हणजे ग्रिनिचचं घड्याळ. इथल्यापेक्षा पाच तास पुढे. खरा डिस्पॅचर झुलूतच जगतो, असं मी ठरवलं आणि घड्याळ, फोन, मोटारीतलं घड्याळ, सगळं झुलू केलं.

डेल्फीनला काल सांगून ठेवलं होतं, उद्या तेरा वाजता निघू. तेरा झुलू म्हणजे आपले सकाळचे आठ. तर आठ वाजता मी गाडीत तयार, आणि बाईचा पत्ता नाही. दार वाजवलं तर कुणी उघडेना. टाकून कसं जायचं? सोडतो म्हणून शब्द दिलेला. वाट बघितली. दुपारी एकला लिपस्टिक लावून खाली आली. सकाळचा वर्ग रद्द झाला असेल म्हणून पोहायला गेले, म्हणाली. मी म्हटलं, तेरा झुलू. ती म्हणाली, अरे, तू माणसासारखं बोलतोयस असं वाटलं मला.

वाऱ्यांवरचा अख्खा धडा बुडाला, दोघांचाही. चूक सर्वस्वी तिची. गाडीतलं घड्याळ परत जुन्या वेळेवर आणता येत नाहीये.

गुरुवार, १५ मे
हवामानाचे संक्षेप. बीआर म्हणजे काय, मॅडमनी विचारलं. मी हात वर करून ठणकावून सांगितलं, ब्रीझ. म्हणजे झुळूक. तर म्हणे धुकं. मग जीआर. मी म्हणालो, ग्राउंड. म्हणे गारा. एफयू ही मला शिवीच वाटली, म्हणून मी तोंड उघडलं नाही, पण मागचे सगळे खिदळले. तो निघाला धूर. डेल्फीननं तिन्ही बरोबर सांगितले, ऑलिव्ह खाल्ल्यासारखे सहज. हे शब्द फ्रेंचवरून घेतलेत म्हणे, आणि तिच्या घरी आजी अजून फ्रेंचमध्येच भांडते. ही सरळ सरळ वशिलेबाजी आहे. टेक्सन शब्दांवरून कोड बनवले असते तर बघितलं असतं.

नाश्त्याच्या मशीनमधून इथे टेक्ससच्या आकाराचा वॉफल निघतो. रोज एकच, असं ठरवलं होतं. आज चार. डोक्याचं काम वाढलंय.

मंगळवार, २० मे
संकल्पांची फेरतपासणी. पाचला उठणं अव्यवहार्य, कारण झुलूत ते भलत्याच वेळी येतं. आइस-टी अर्धा बंद. म्हणजे अर्धा ग्लास भरला की थांब म्हणायचं. वेट्रेसला सांगणं बाकी आहे.

पुस्तक डेल्फीनकडे आहे. तिचं सांडलेल्या सूपमध्ये भिजलं, म्हणून एका संध्याकाळपुरतं मागितलं होतं. आज चौथा दिवस. परत मागायला दार वाजवलं तर तिनं त्यांच्याकडचा गरम रस्सा, गम्बो, वाढला. अशा वेळी पुस्तकाचा विषय काढणं बरं दिसत नाही.

वर्गात सराव झाला. मॅडम कॅप्टन, मी डिस्पॅचर. ह्यूस्टनला ढग खाली आलेले, दृश्यता कमी. कॅप्टन म्हणाला, चल रे, सोड लवकर, बायको जेवायला थांबलीय. मी परिस्थितीचा सर्व बाजूंनी विचार केला आणि सही केली. मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, मिस्टर टिडवेल, तुम्ही फार भिडस्त आहात. मी म्हणालो, थँक यू मॅडम, घरी मनमिळाऊ म्हणतात. त्या म्हणाल्या, मी कौतुक नाही केलं.

हा त्यांचा दृष्टिकोन झाला.

मंगळवार, २७ मे
लेखी परीक्षा पास. काठावर. काठ हा जमिनीचाच भाग असतो. कॅलीला लगेच कळवलं. म्हणाली, वा डॅडी, आता फक्त तोंडी आणि प्रात्यक्षिक राहिलं. अमरिलोचे साहेब तिला भेटले होते, विचारत होते, वडील ठाम आहेत ना, कारण आमचे कॅप्टन लोक जरा दांडगट आहेत. ती त्यांना म्हणाली, दगड आहेत दगड. पोरीचा माझ्यावर किती विश्वास. ऊर भरून आला. ह्या आनंदात अभ्यास झाला नाही.

रविवार, १ जून
आता फक्त नाही म्हणायचा सराव. आरशासमोर वीस-पंचवीस वेळा म्हटलं. उत्तम. आवाजात जरब आहे माझ्या. आरशातला माणूस जरा घाबरलासुद्धा.

दुपारी प्रत्यक्ष प्रयोगाची संधी चालून आली. गाडीची वॉरंटी वाढवा म्हणून येतात ना ते फोन, त्यातला एक आला. म्हटलं, हाच आपला कॅप्टन समजू. बाई बिचारी मिसिसिपीची, कामाला लागून दुसराच दिवस, मी तिचा पहिला माणूस ज्यानं फोन आपटला नाही. तिला तिचं सगळं बोलू दिलं. मग वॉरंटी घेतली. वाढवलेली वॉरंटी वाईट नसतेच.

डेल्फीनला हे सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, हार्लन, मला आत्ता नाही म्हण. तुझी गाडी उद्या दिवसभर हवीय मला. मी म्हटलं, हा सराव आहे का खरं? म्हणाली, तू आधी उत्तर दे. गाडी उद्या तिच्याकडे आहे.

गुरुवार, ५ जून
डेल्फीनची तोंडी परीक्षा आज झाली. पास. परीक्षक मिस्टर प्रूइट स्वतः कॅप्टनचं सोंग घेतात आणि दबाव टाकतात म्हणे. तिला म्हणाले, मॅडम, एवढीशी वावटळ बघून घाबरलात? ही म्हणाली, सर, चाळीस पोरं बसमध्ये मारामारी करत असताना मी बस थांबवलीय, तुम्ही एकटे आहात. जाताना माझं पुस्तक परत देऊन गेली. एका पानावर लिहिलंय, हार्लन, फक्त एकदाच म्हणायचंय, नंतर आयुष्यभर हो म्हण.

उद्या माझी. मन शांत. डोंगर हलेल, टिडवेल हलणार नाही. लवकर झोपतो.

शुक्रवार, ६ जून. दुपारी
घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विपर्यास करायला नको.

प्रूइट सभ्य माणूस. डॅलस ते डेन्व्हर विमान सोडायचं होतं. डेन्व्हरला संध्याकाळी वादळ येणार असा अंदाज. मी बरोब्बर ओळखलं. डेन्व्हरला उतरता आलं नाही तर अल्बुकर्कीला उतरायचं, असा पर्याय धरला. तिथपर्यंतचं जास्तीचं इंधन भरलं. इंधन वाढलं म्हणून वजन वाढलं, म्हणून काही प्रवासी मागे ठेवावे लागत होते. सगळं चोख. प्रूइट मान डोलवत होते. इथे थांबलो असतो तर पास होतो.

मग त्यांनी टोपी घातली आणि कॅप्टन झाले. म्हणाले, हार्लन, बाबा रे, कोण मागे राहतंय माहीत आहे का? शाळेचा बँड. स्पर्धेला निघालेत, पोरं रडतायत गेटवर. मी म्हणालो, अरेरे. म्हणाले, मी तीस वर्षं डेन्व्हरला उतरतोय, ते वादळ डोंगरातच विरतं, मला पाठ आहे. जास्तीचं इंधन काढून टाक, पोरांना येऊ दे. तुझ्यासारख्या अनुभवी माणसाला काय सांगायचं.

त्यांनी अनुभवी हा शब्द वापरला, हे महत्त्वाचं आहे.

मी म्हणालो, थांबा हं सर, काय करता येतं ते बघतो. आणि इंधन काढलं. अल्बुकर्की खोडलं. सही केली. सही छान आली.

प्रूइटनी टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, मिस्टर टिडवेल, तुमचं गणित सगळं बरोबर होतं. मग का खोडलंत? मी म्हणालो, सर, पोरं रडत होती. ते म्हणाले, पोरं नव्हतीच.

नापास. पुन्हा बसता येतं, पण जादा शिकवणी घेऊन, म्हणजे ९ तारीख गेली. परीक्षेची पद्धत सदोष आहे. खरा कॅप्टन टोपी घालून असा खोटं बोलेल का? मिसेस स्ट्रिकलंड बाहेर उभ्या होत्या. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. त्यानं जास्त लागलं.

संध्याकाळी
कॅलीचा फोन. मी काही बोलायच्या आत तीच सुरू झाली. काल ओक्लाहोमा सिटीहून मिडलंडला निघायचं होतं त्यांना. डिस्पॅचर सोडेना. कॅप्टननं फोनवर त्याला सुनावायचं बाकी ठेवलं नाही. गोड बोलून झालं, बाप काढून झाला, नोकरी घालवीन म्हणाला. तो पलीकडून एकच म्हणत राहिला, नाही सर. नाही सर. नाही सर. कॅप्टननं फोन आपटला. आणि ज्या वेळेला हे मिडलंडच्या धावपट्टीवर उतरत असते त्याच वेळेला तिथे गोल्फच्या चेंडूएवढ्या गारा पडल्या. उभ्या विमानांच्या काचा फुटल्या.

कॅली म्हणाली, डॅडी, मी उजव्या सीटवर बसून सगळं ऐकत होते. त्या माणसाचं नावही मला माहीत नाही. पण रात्रभर तुझाच विचार करत होते. कुठल्या तरी पोरीच्या विमानासाठी आता तू असा बसशील. मग तिचा आवाज भरून आला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

मला सांगायचं होतं. शब्द तोंडात आला होता. एवढासा शब्द, आरशासमोर किती वेळा म्हटलेला.

म्हणाली, झालास ना पास?

हो म्हणालो.

ती क्रू-रूममध्ये होती. फोन बाजूला धरून सगळ्यांना ओरडून सांगितलं, माझे डॅडी डिस्पॅचर झाले. तिकडे टाळ्या वाजल्या. कुणीतरी कॅप्टन फोनवर आला आणि म्हणाला, अभिनंदन सर, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही घरी पोचतो.

मी थँक यू म्हणालो.