सोमीच्या दारातली काटेरी फांदी

पनवेल, मंगळवार, ९ मार्च १९९९

सोमी कातकरणीचा, कचेरीबाहेर बसून मीच लिहिलेला अर्ज परत आला. नव्या नियमाने पाहणीत घरी सापडेल त्यालाच रेशनकार्ड. ती तेव्हा वीटभट्टीवर कामाला. दाराला कुलूप नाही, नेहमीची काटेरी फांदी. पाहणीवाल्याने लिहिलं, ‘पडीक झोपडी’. आणि मी? ‘राहते ठिकाण’पुढे सुवाच्य अक्षरात ‘वीटभट्टी’! कारकून हसला, "मग कार्ड भट्टीतच भाजून घ्या."

सोमी म्हणाली, "दादा, दाराला फांदी म्हंजे घर हाय, येवडं नाय कलत त्यांना?"

मला तरी कुठे कळलं?

उद्या तिच्या वाडीवर जातो. साक्षीला शेजाऱ्यांचे अंगठे घेतो, नवा अर्ज लिहितो. ठिकाण वाडीच. खाली एक ओळ जास्तीची: दाराला फांदी आहे, म्हणजे माणूस परतणार आहे.