शंभर शब्दांत बाबा

प्रिय गिल्दास,

तिरकी रेघ मारायला पेन टेकवलं, पण पन्नासावा शब्द आलाच नाही. बाबा तीस शब्दांतच संपले. दर पन्नास शब्दांनंतर रेघ आणि शेवटी एकूण शब्द, असा आमच्या सारांशाच्या परीक्षेचा नियम आहे. शिकवून शिकवून माझ्याही हाताला तेच वळण लागलंय. बाबांनी तुला लिहिलेली अकरा पानं तू न वाचता मला परत पाठवलीस, वर चिठ्ठी: “रोझेन, तुझा धंदाच आहे हा. शंभर शब्दांत कळव.” म्हणून बसले होते.

सोमवारी वर्गात सारांशच घेतला. गावातल्या बेकऱ्या बंद पडतात, त्यावरचा लेख होता. माइवेन नावाची मुलगी आहे, तिने सगळे मुद्दे नीट मांडले आणि मध्येच एक बाई ठेवली. नवरा गेला तरी रोज दोन पाव घेणारी. मी लाल शाईने लिहिलं, “उदाहरण. गाळा.” ती म्हणाली, “मॅडम, ही बाई गाळली तर उरतं काय?” मी म्हटलं, “मुद्दा.” “मग लेखकानेही मुद्दाच लिहायचा ना, आम्हाला कशाला राबवतो?” वर्ग हसला. मीही हसले, आणि तिचे दोन गुण कापले.

बाबांनाही तेच नियम लावले. लेखक “मी” म्हणतो तर आपणही “मी” म्हणायचं, पदरचं घालायचं नाही, उदाहरणं गाळायची. हे घे: “मी बरा आहे. पाठ दुखते. पावसानं फ्लॉवर कुजला. ट्रॅक्टर विकला. जमीन शेजाऱ्याला कसायला दिली. महिनाअखेर तो आर्टिचोक उपटून नांगर घालेल. राहतं घर तेवढं माझ्याकडे राहील. यायचं असेल तर त्याआधी ये.” यात चूक काढता येणार नाही. पैकीच्या पैकी.

“माझं चुकलं” असं त्यांनी अकरा पानांत कुठेच लिहिलेलं नाही. मी दोनदा शोधलं. ते मी घालू शकत नाही. पण सातव्या पानावर, पाठदुखीचं उदाहरण म्हणून, एक वाक्य आहे: “आर्टिचोकची चौथी ओळ दर वेळी तू ठोकलेल्या खुंट्यांवरूनच लावली, तिथे वाकून वळावं लागतं.” चौदा वर्षांपूर्वी सगळ्या मजुरांदेखत तुला म्हणाले होते, “एक ओळ सरळ लावता येत नाही, चालता हो.” तू गेलास. आर्टिचोकच्या भाजीची झाडं तीन-चार वर्षांनी काढून नवे फुटवे लावावे लागतात, हे तुला मी सांगायला नको. म्हणजे त्यानंतर चार वेळा त्यांनी वाकून फुटवे लावले, आणि चारही वेळा वाकडेच.

नियमाप्रमाणे हे वाक्य गळतं. म्हणूनच हे पत्र. अकराही पानं परत पाठवते आहे, सातव्याचा कोपरा दुमडलाय. ते तू स्वतः वाच. नांगर एकतीस तारखेला येतो.

तुझीच बहीण,
रोझेन

ता. क. सकाळ. पाकीट टाकायला निघाले तर बाबा चौथ्या ओळीच्या टोकाशी उभे होते. “वाचलं का त्यानं?” म्हणाले. मी म्हटलं, “वाचतोय.”