हलन्त

मंगळवार, सप्टेंबर २००४. संध्याकाळ.

"तुम्ही लोक." हे शब्द माझ्या तोंडून गेले. माझ्या!

खालच्या मजल्यावरची सुनंदा कांबळे मराठी टायपिंगचं पॅकेज सीडीवर घेऊन आली होती. मीच बोलावलं होतं. वर मीच अट घातली की आत काय आहे ते आधी दाखव, मग बसव. व्हायरसनं कॉम्प्युटरचं वाटोळं व्हायला नको. ती चिडली नाही. "न बसवताबी आतल्या फाइली बघता येत्यात, बाई," म्हणाली आणि पडद्यावर नुसती यादी काढली. सगळी नावं इंग्रजी अक्षरांत. मी कॉन्व्हेंटची, मला कोण शिकवणार! भरभर वाचत गेले आणि एका नावाशी थांबले. हलकट.

"हे कुणाला उद्देशून? शिकून हेच करता का तुम्ही लोक?"

तिनं वाकून पाहिलं. "हलन्त हाय त्ये, बाई. अक्षराचा पाय मोडतोय न्हवं आपण, त्याची फाइल." आधी हसली. मग हसू गेलं. "आणि लोक म्हंजे कोण?"

मी म्हटलं, चहा टाकते. तिनं सीडी पाकिटात घातली, टेबलावर ठेवली आणि जिना उतरली.

चष्मा नव्हता, असं सांगता येईल. पण 'तुम्ही लोक' मी पडद्यावर कुठे वाचलं होतं? ते माझ्यात आधीपासून बसलेलंच होतं. न बसवता आतलं बघता येतं, म्हणाली होती. बघितलं तिनं.