माझ्या मापाची सायकल आणि मीनाची सही

मी, आशा बहिरू भामरे, वय सदुसष्ट, सेवानिवृत्त आरोग्यसेविका, राहणार पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि माझे डोके ठिकाणावर आहे. हे शेवटचे मी रीत म्हणून लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मी परदेशातून सायकल मागवायची ठरवली, तेव्हा माझा मुलगा अमोल "बीपी बघून येऊ" म्हणून मला डॉक्टर गांगुर्डे यांच्याकडे घेऊन गेला. मला बाहेर बसवले आणि आत जाऊन विचारले, या वयात माणसाचं डोकं असं फिरतं का? दार उघडेच होते. माझी सगळी नोकरी दवाखान्यात गेली, बाहेरच्या बाकावरून आतले कसे ऐकायचे हे मला कोणी शिकवायला नको. मग डॉक्टरांनी मला आत बोलावून शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत आले आणि त्यांनाच विचारले, शून्याच्या खाली जाऊ का? माझी बुद्धी शाबूत असल्याचा त्याच डॉक्टरांचा दाखला या कागदाला जोडला आहे आणि साक्षीलाही त्यांनाच बोलावले आहे. अमोलला हरकत घ्यायची असेल तर त्याने आपल्याच डॉक्टरांवर घ्यावी.

आता हा कागद करण्याचे कारण. गेल्या दिवाळीत जेवता जेवता अमोल म्हणाला, "फ्लॅटचं काही अवघड नाही गं आई. ताईची सही घेऊन टाकू, तिला छानपैकी साडी करू." ताई म्हणजे माझी मुलगी मीना, ती धुळ्याला असते. हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले आहे आणि तेव्हा सही मी दिली होती. मीनाने ती देऊ नये आणि तिच्याकडे कोणी ती मागूही नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. बाकीची कलमे त्याच्या ओघाने आली आहेत.

कलम पहिले : घर

पंचवटीतला फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला आणि माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो अमोल आणि मीना यांना निम्मा निम्मा मिळावा. मीनाकडून हक्कसोडपत्र घेऊ नये. अमोलने किंवा त्याच्या वतीने कोणी काका-मामाने तसा कागद तिच्यापुढे ठेवला, नुसता "बघून घे" म्हणून ठेवला तरी, अमोलचा हिस्सा मीनाला जाईल. वकील म्हणतात, ही अट कोर्टात टिकेलच असे नाही. न टिको. अमोलच्या डोक्यात टिकली तरी पुष्कळ झाले.

अमोल वाईट नाही. माझ्या आजारपणात रात्रंदिवस जागलेला मुलगा आहे तो. पण माझा भाऊ दत्तूही वाईट नव्हता. सही मागणारे भाऊ वाईट नसतातच, म्हणून तर बहिणी देतात.

कलम दुसरे : सायकल

हॉलंडहून आलेली, लांबच्या प्रवासाची, गर्द निळी, पुढे-मागे कॅरिअर असलेली सायकल, तिच्या पिशव्या, पंप आणि पान्यांच्या संचासह, माझी सून सायली हिला द्यावी. ही म्हातारीची थेरं आहेत असे घरादाराचे मत असल्यामुळे हे कलम जरा लांबेल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी तिसऱ्या कलमाकडे जावे. मात्र तिथे त्यांच्या कामाचे काही नाही.

माझ्या माहेरी, निफाडला, वडिलांनी सायकल घेतली ती दत्तूला. तो माझ्याहून धाकटा. शाळा एक, रस्ता एक. तो सायकलवर जायचा आणि मी पायी. दुपारी तो झोपला की मी नळीखालून पाय घालून, वाकडी होऊन तीच सायकल चालवायची. पुढे पेठ तालुक्यात नोकरी लागली. तिथेही नवऱ्याची उंच सायकल, कॅरिअरला लसींची पेटी आणि मी तशीच वाकडी. पाड्यावरची पोरे "वाकडी बाई आली" म्हणून लपून बसायची. निवृत्त झाले तेव्हा ठरवले, आता सरळ बसून चालवायची. वाटेत मुक्काम करत त्याच पाड्यांवर जायचे आणि ती पोरे आता किती मोठी झाली ते बघायचे.

नाशकातल्या दुकानात गेले तर त्या माणसाने गुलाबी रंगाची, पुढे टोपली लावलेली सायकल काढली आणि म्हणाला, "आजी, नातीचं वय काय?" लांबच्या प्रवासाच्या सायकली होत्या, पण सगळ्या उंच पुरुषांच्या. बुटक्या बाईलाही लांब जायचे असू शकते, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते.

शेवटी सायलीने मोबाईलवर हॉलंडचे एक दुकान शोधून दिले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पायाच्या आतल्या लांबीचा. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि सायलीने टेप धरला. ब्लाउजच्या शिंप्यानंतर माझे माप विचारणारे ते पहिलेच. मला रडू आले, हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

मग जहाजाच्या भाड्याचा आकडा आला. सायकलीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त! वर आपल्या सरकारचे आयात शुल्क. तेही नुसत्या सायकलीवर नाही, तिच्या भाड्यावर आणि विम्यावरही. म्हणजे भाडे मी भरायचे आणि भाडे भरल्याचा दंडही मीच भरायचा. हा कुठला न्याय? अमोल म्हणाला, "आई, एवढ्यात स्कूटर येईल." स्कूटर मागितली कोणी होती?

त्याच वर्षी भाऊबीजेला दत्तू ओवाळून घ्यायला आला. त्याने आकडा ऐकला आणि मांडीवर थाप मारून हसला. "अक्का, येडी का तू? आपली द्राक्षं दरसाल हॉलंडलाच जात्यात. कंटेनर जाताना भरलेला, येताना मोकळाच हाय. येताना टाकू तुझी सायकल. एक रुपया लागायचा नाय."

निफाडच्या माणसाला हा हिशेब लगेच पटतो. आमच्याकडे कांदे घेऊन गेलेली गाडी येताना कोणाचे ना कोणाचे सामान आणतेच, मोकळी गाडी आणणे हा मूर्खपणा समजतात. मलाही पटला. मी दुकानाला कळवले, सायकल जहाजाने पाठवू नका, द्राक्षे उतरतात त्या गोदामात ठेवा, आमचा कंटेनर आहे. 'आमचा' हा शब्द मी लिहिला, याची मला अजून चीड येते.

द्राक्षे गेली, उतरली, विकली गेली, तिकडच्या लोकांनी खाऊनही टाकली. सायकल गोदामात. मी फोन केला की दत्तू म्हणायचा, "येईल गं अक्का, लाईनीत हाय." मग गोदामवाल्यांनी कळवले, तुमचा हंगाम संपला, खोके उचला, नाहीतर जागेचे भाडे द्या. शेवटी सायलीने माल पाठवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथला माणूस आधी हसला आणि मग त्याने समजावून सांगितले. कंटेनर जहाज कंपनीचा असतो. तिकडे रिकामा झाला की ज्याचा माल तयार असेल त्याचा भरायचा आणि तो जगात कुठेही जातो. निफाडच्या वाटेला लागायला ती काही बैलगाडी नाही. दत्तूचा त्या कंटेनरमध्ये एक खिळाही नव्हता आणि हे दत्तूला हंगामाच्या सुरुवातीलाच कळले होते. बहिणीपुढे फुशारकी खोटी पडली हे सांगायची लाज वाटली, म्हणून त्याने मला लाईनीत उभे केले.

मग मी मुदत ठेव मोडली. गोदामाचे भाडे भरले, जहाजाचे भरले, शुल्क भरले. कस्टमच्या माणसाने विचारले, सायकल व्यापारासाठी आहे का? मी म्हटले, हो, एकच विकून श्रीमंत होणार आहे. फुकट आणायच्या नादात ती दुकानाने सांगितले होते त्याहून महाग पडली. खोके आले त्यावर गोदामाची इंग्रजी चिठ्ठी चिकटलेली होती. सायलीने वाचून सांगितले, 'नाशवंत माल'. हे सायकलीबद्दल होते की माझ्याबद्दल, ते लिहिलेले नव्हते.

आम्ही दोघींनी पार्किंगमध्ये सायकल जोडली. मी बसले. दोन्ही पाय पुरले. इतक्या वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा सायकलवर सरळ बसले आणि सगळ्यात आधी कुठे गेले असेन तर निफाडला, दत्तूला दाखवायला. राग होता, पण दाखवायचेही होते. भाऊ आहे.

तो मळ्यात होता, मजूर छाटणी करत होते. त्याने सायकलकडे पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "हिच्यापायी एवढे पैसे? इथं चार आल्या असत्या."

मी म्हटले, "दत्तू, मी जन्मात तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली."

"मागितली म्हंजे? सायकलच ना ती! आन् आपलं जमिनीचं तर कव्हाच मिटलंय. साडी नेसवली होती की तुला."

तर ती साडी. वडिलांचा दहावा झाला त्याच आठवड्यात दत्तूने जीप आणली, मला निफाडच्या निबंधक कार्यालयात नेले आणि मळ्यातला माझा हिस्सा मी सोडल्याची सही घेतली. आदल्या रात्री आई म्हणाली, "तुला भाऊ पाहिजे का जमीन?" दोन्ही असलेली बाई जणू निफाडात जन्माला यायचीच होती. माझा नवरा, आता तो नाही, नामपूरचा, मास्तर माणूस, तो एकटाच म्हणाला, "आशा, सही करू नको. ती जमीन तुनी बी शे." पण जावयाचे कोण ऐकतो? सही झाल्यावर पायरीवरच दत्तूने साडी दिली आणि म्हणाला, "अक्का, कधी काही लागलं तर हक्कानं माग."

मी हक्काने मागितली ती सायकलीपुरती जागा. ज्या मळ्याची द्राक्षे हॉलंडला जातात त्यात माझ्या वाट्याचे वेलही आहेत. म्हणजे माझी द्राक्षे वर्षानुवर्षे भरून जात राहिली आणि माझ्यासाठी येताना कधीच काही आले नाही. हा साधा हिशेब मला मळ्याच्या बांधावर सायकल धरून उभी असताना कळला. वहिनीने तांब्या-भांडे आणले होते. मी माहेरचे पाणी न पिता परत आले. उन्हातून. वाटेत एकदाही उतरले नाही.

त्यानंतर मी सावळघाट चढून पेठला गेले, तिकडच्या पाड्यांवर मुक्काम केले. एक बाप्या, आता त्यालाच दोन पोरे आहेत, मला बघून ओरडला, "बाई सरळ झाली!" माझे सगळे पैसे तिथेच वसूल झाले.

सायली माझ्याच उंचीची आहे, तिच्यासाठी सीट बोटभरही हलवावी लागत नाही. तिने सायकल चालवावी. अमोलने ती गॅलरीत शोभेला टांगू नये, मित्राला विकू नये, "तू पडशील" असे म्हणू नये. पडली तर उठेल. सायली सायकल घेऊन गेली की स्वयंपाक अमोलने करावा. खिचडी त्याला येते, मीच शिकवली आहे.

कलम तिसरे : किरकोळ

मोडलेल्या ठेवीतून उरलेली रक्कम बँकेत आहे, ती मीनाला द्यावी. शिलाई मशीनही तिलाच. बीपी तपासायचे यंत्र माझी पेठची सहकारी कुसाबाई हिला द्यावे. ते तिचेच होते, मी परत करायचे टाळले.

कलम चौथे : माझी शेवटची साडी

आमच्यात बाई गेली की तिला शेवटचे लुगडे माहेरचे नेसवतात. दत्तू रडत रडत साडी घेऊन येईल. त्याचे रडणे खरे असेल, त्याला कोणी टाकून बोलू नये, आधी पाणी द्यावे. पण ती साडी मला नेसवू नये. ज्या सलवार-कमीजमध्ये मी सायकल चालवली, त्यातच मला न्यावे. दत्तूची नवी साडी सायलीने सायकल पुसायला घ्यावी. रेशमी साडीने साखळीचे तेल निघत नाही, तेव्हा फोन करताना सुती आणायला सांगावे.

आणि माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात, एक हिरवी साडी आहे. निबंधक कार्यालयाच्या पायरीवर मिळालेली. तिची घडी मी कधी मोडली नाही. दत्तू परत निघाला की ती त्याच्या हातात द्यावी आणि सांगावे, अक्काने पाठवली आहे, येताना भरलेला आलास, जाताना मोकळा जाऊ नकोस. ती देताना मीना शेजारी उभी असावी. अमोलने बघावे.

हे सारे मी वाचून पाहिले, बरोबर आहे. यापूर्वी मी कोणताही असा कागद केलेला नाही. अंमलबजावणी सायलीने करावी. माझी सही मी खाली करत आहे, आणि या खेपेला ती मला कोणी मागितलेली नाही.

आशा बहिरू भामरे
(सही)

आमच्या समक्ष सही केली :
१. डॉ. सोमनाथ गांगुर्डे, नाशिक (सही)
२. कुसाबाई लहानू चौधरी, पेठ (सही. यंत्र मिळाले नाही तरी चालेल, बाई राहू दे.)

ठिकाण : पंचवटी, नाशिक
दिनांक : २३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज