मिठाची वाटी

परतूर, सोमवार

आईच्या गाठीचा रिपोर्ट उद्या. ती जालन्याला दवाखान्यात. जेवताना बाबा म्हणाले, "त्याला म्हनावं, मीठ दे." दादा समोरच होता! पण दोघांचं बोलणं बंद, सगळे निरोप आईमार्फत. दोघंही तिच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिले. वाटी कुणीच सरकवली नाही. मी तरी का नाही?

लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशीतलं एक प्रोटीन मी काढून टाकते. ते स्वतः काही करत नाही, नुसतं बाकीच्यांना जवळ धरून ठेवतं, म्हणून वाढायचा निरोप पुढं जातो. ते काढलं की निरोप थांबतात, सगळं गप्प. तेवढ्यासाठीच तर मी राबते.

आज ती गप्पगार शांतता घरात ऐकली. फार भ्याले. रिपोर्ट वाईट निघाला तर?

मिठाची वाटी अजून तिथंच आहे.