यंत्रे सुस्थितीत आहेत

३ मार्च, सोमवार. सकाळी ११.
अधिवेशन सुरू. आमच्या आरोग्य खात्याला पहिल्याच दिवशी एक तारांकित प्रश्न. म्हणजे मंत्री उभे राहून बोलणार आणि मागे बसून चिठ्ठ्या पुरवणार मी. नदीपलीकडच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आलेली डायलिसिसची सहा यंत्रे आठ महिने बंद आहेत, हे खरे आहे काय. त्यामुळे रुग्णांना नव्वद किलोमीटर शहरात यावे लागते, हे खरे आहे काय. असल्यास शासनाने काय केले. विचारणाऱ्या बाई पहिल्यांदाच निवडून आल्यात. आधी शाळेत गणित शिकवायच्या. उत्तर १४ तारखेला.
बावीस वर्षं मंत्र्यांची उत्तरं लिहितोय. एकही अंगाशी आलेलं नाही. हे तर चहा निवायच्या आत होईल.

दुपारी ४.
झालं. रुग्णालयाने ताबडतोब कळवलं: यंत्रे सुस्थितीत आहेत. असणारच, वापरलीत कुणी? यंत्रं दिली केंद्राने, पाणी शुद्ध करणारं युनिट बसवायचं राज्याने. त्याची फाइल आम्ही आणि बांधकाम खातं एकमेकांकडे पाठवतोय. पण बाईंनी विचारलंय, बंद आहेत काय. जे सुरूच झालं नाही ते बंद कसं पडेल? म्हणून, ‘हे खरे नाही.’ पुढच्या दोन्हींना, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ एकूण नऊ शब्द. यात बोट शिरवायला जागा नाही.
रुग्णालय आहे ते गाव माझंच. ताई तिथेच असते. पण कामात घरचं आणायचं नाही, हा माझा नियम.

४ मार्च, मंगळवार.
ताईचा डायलिसिसचा दिवस. मंगळवार-शुक्रवार पहाटे पाचला जीपने निघते, शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नऊचा नंबर. माझ्या ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर. आज जेवणाच्या सुट्टीत भेटून यायचं ठरवलं होतं. मीटिंग लांबली. शुक्रवारी नक्की.

७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी.
जमलं नाही. ताईचाच फोन आला, घरी पोचल्यावर. आवाजात केवढा उत्साह. म्हणाली, “अरे, आमचा प्रश्न लागलाय सभागृहात!” माहिती हिने आणि भाऊजींनीच बाईंना दिली. प्लास्टिकने झाकलेल्या यंत्रांचे फोटोसुद्धा काढून दिले. मग तिने विचारलं, ही उत्तरं लिहिणारा माणूस तुझ्या माहितीतला आहे का? मी म्हटलं, तोंडओळख आहे. कसा आहे? म्हटलं, बरा आहे. “मग त्याला म्हणावं, बाबा, नीट लिही.” सांगतो म्हटलं.
बायको समोर बसून सगळं ऐकत होती. वाढत होती ती भाजी परत भांड्यात टाकली आणि आत गेली.

९ मार्च, रविवार.
बायकोचं म्हणणं, आज ताईंना तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. मी तिला शांतपणे समजावलं की उत्तर अजून छापायला जायचंय, बदलता येतं. खरी परिस्थिती मांडणारी टिप्पणी लिहून काढली. पानभर. युनिट बसलेलं नाही, तीस दिवसांत बसवू. फार उत्तम भाषा झाली आहे. वाचून स्वतःलाच भरून आलं. उद्या सचिव मॅडमच्या टेबलावर.

१० मार्च, सोमवार.
मॅडम घाईत होत्या. अशी टिप्पणी घाईत द्यायची नसते. त्यांनी एवढंच विचारलं, कुणी प्रत्यक्ष जाऊन पाहिलंय का? म्हटलं, मॅडम, माझं गावच आहे ते. यात खोटं काय? टिप्पणी ड्रॉवरमध्ये आहे. सुरक्षित.

१२ मार्च, बुधवार.
उत्तर छापून आलं. आता बदलणं म्हणजे मंत्र्यांना तोंडघशी पाडणं. त्यापेक्षा पूरक प्रश्नांची तयारी जबरदस्त केली. बाई काय काय विचारू शकतील, असे एक्केचाळीस प्रश्न काढून उत्तरांसकट फाइल केली. वाकडातिकडा प्रश्न आलाच, तर टिप्पणीतली खरी माहिती चिठ्ठीवर लिहून मंत्र्यांच्या हातात द्यायची. सभागृहातच सगळं स्वच्छ करून टाकायचं. हे जास्त परिणामकारक. बायकोला सांगितलं. तिने दिवा घालवला.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी १०.४०.
अधिकाऱ्यांच्या गॅलरीत पहिल्या रांगेत आहे. आमचा प्रश्न चौथा. टिप्पणी वरच्या खिशात. हात गार पडलेत, पण एसी जोरात आहे.

१०.५५.
प्रेक्षकांच्या गॅलरीत ताई. शेजारी भाऊजी. शुक्रवार आहे आज! नऊचा नंबर सोडून इथे बसली आहे. चेहरा सुजलाय. मला तिने पाहिलेलं नाही. मी फाइल तोंडापुढे धरली आहे.

दुपारी ३. रुग्णालय.
झालं ते लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मला वेगळंच आठवेल.
मंत्र्यांनी नऊ शब्द वाचले. बाई उठल्या. फोटो दाखवले नाहीत, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाल्या, “आठ महिन्यांत त्या यंत्रांवर उपचार झालेल्या एका रुग्णाचं नाव सांगा. एकाचं.” माझ्या एक्केचाळिसात हा नव्हता. मंत्री मागे वळले, हात पसरला. सगळं सभागृह त्या हाताकडे बघत होतं. मी खिशात हात घातला. टिप्पणी बोटांना लागली. मग कोरी चिठ्ठी काढली आणि लिहिलं, ‘माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल.’ हात आपोआप लिहीत गेला. द्यायला उभा राहिलो आणि वर पाहिलं. ताई माझ्याकडेच बघत होती.
मंत्र्यांनी वाचलं. आरडाओरडा झाला. अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला, मंगळवारी खरी माहिती घेऊन या म्हणाले.
बाहेर आलो तर ताई जिन्यात बसलेली. धाप लागली होती. भाऊजी मला म्हणाले, बघत काय उभा राहिलास, गाडी आण. टॅक्सीत ती माझ्या खांद्यावर होती, एकेक श्वास ओढून घेत. सिग्नलला मी ड्रायव्हरवर ओरडलो. तो म्हणाला, साहेब, लाल आहे. दाराशी स्ट्रेचर मिळालं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास गेले असते तर अवघड होतं.
भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत. मीही त्यांना त्रास दिला नाही.

१५ मार्च, शनिवार.
ताई बरी आहे. मी केळी नेली. तिला चालत नाहीत, हे नर्सने सांगितलं. प्रश्नाचा विषय ताईने काढला नाही. माझं वजन वाढलंय म्हणाली.
मॅडमनी घरी फोन केला. त्यांना सगळं समजलंय. आवाज बर्फासारखा. म्हणाल्या, सोमवारी स्वतः तिथे जा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मंगळवारी बाराच्या आत उत्तर पाठवा. ही माझ्यावर टाकलेली खास जबाबदारी आहे, असं मी बायकोला सांगितलं. तिने बॅग भरून दिली.

१७ मार्च, सोमवार.
पाहिलं. खोलीला कुलूप होतं, किल्ली असलेला शिपाई जेवायला गेला होता. तासभर थांबलो. आत सहा यंत्रं, प्लास्टिकवर धूळ. भिंतीतून पाण्याचा पाइप बाहेर आलाय आणि तोंडाला चिंधी बांधून ठेवलीय. नर्स म्हणाली, या खोलीत आम्ही ओले रेनकोट वाळत घालतो. गावातले एकोणीस जण शहरात जातात. होते तेवीस. बाकीच्या चौघांचं विचारलं नाही. तिनेच सांगितलं.
ताईकडे मुक्काम; तिला कालच घरी सोडलं. जेवण झाल्यावर तिच्या ओट्यावर बसून उत्तर लिहिलं. हे खरे आहे. हेही खरे आहे. शासनाने काहीही केलेले नाही. ताईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. भाऊजींनी चहा पुढे केला. शुक्रवारनंतर पहिल्यांदा.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी ९.५०.
पहाटे त्यांच्याबरोबर जीपने आलो. पाच माणसांच्या जीपमध्ये नऊ. ताईला यंत्र लावलंय, मी कॉटशेजारी स्टुलावर. उत्तर पाठवायच्या आधी मॅडमना फोन केला, म्हटलं, पूर्ण सत्य लिहिलंय, जबाबदारी माझी. त्या म्हणाल्या, पाठवू नका. काल सायंकाळी गोंधळात अधिवेशन गुंडाळलं. राखून ठेवलेले सगळे प्रश्न रद्द. मी विचारलं, मग या माहितीचं काय करू? म्हणाल्या, फाइलला लावा आणि ऑफिसला या, बजेटची आकडेवारी अडलीय.
फोन ठेवला. ताईने डोळे उघडले, विचारलं, “पाठवलंस?”
मी म्हटलं, पाठवलं.
“बरं झालं,” म्हणाली, आणि माझा हात धरून झोपली.
यंत्र अजून तीन तास चालणार आहे.